ताकदीचं काहीतरी

गिऱ्हाईक कधी नाव घेत नाही.
आधी हिरडा विचारतं, मग बडीशेप,
मग मागं कोण उभं नाही ना बघून
गल्ल्यावर झुकतं,
"जरा... ताकदीचं काहीतरी."
बाप वर न बघता म्हणायचा,
"शालन, सत्तावीस नंबर."

सत्तावीसमध्ये सफेद मुसळी.
अठ्ठावीसमध्ये कवचबी, एकोणतीसला गोखरू,
खाली अक्कलकारा, विदारी.
जायफळाचा डबा बाप स्वतः उघडायचा.
"थोडं जागवतं, जास्त झालं की झोपवतं,
सांगून द्यावं लागतं बाई."

बी.कॉम. होऊन मी गल्ल्यावर बसले
तेव्हा निम्मं कोल्हापूर मला पुडीवरून कळायचं.
पापाच्या तिकटीचा चपलांचा व्यापारी,
सोसायटीचा रिटायर सेक्रेटरी,
नखांत अजून हळद असलेला नवरदेव.
मी तोलायची काट्याकडं बघून.
त्यांच्याकडं बघायचं नाही, हा दुकानाचा धर्म.

आणि लग्न झालं तालमीतल्या हिंदुरावाशी.
पस्तिशीपर्यंत लंगोटाचा पक्का.
पहाटे गंगावेशीत म्हशीखाली पेला धरायचा,
फेसासकट दूध घटाघटा,
दुपारी थंडाई: बदाम, खसखस, वेलदोडा, गुलाबकळी.
सगळा आमच्याच दुकानातला माल,
उलट्या कामाला.
लोक पेटवायला न्यायचे,
हा विझवून अंगात मुरवायचा.

पहिले चार महिने तो चटईवर झोपला.
चारला उठून जोर मारायचा,
माझ्या उशाशी जमीन श्वास टाकायची.

जाऊबाई म्हणाल्या, "शेवग्याची आमटी कर,
आणि शेंग चोखताना तुझ्याकडं बघू दे."
त्यानं शेंगेकडंच बघितलं.
शेजारच्या जैनबनं हिन्याचा फाया दिला,
"कानामागं नको, मानेच्या खाली."
तो म्हणाला, उरूस आहे का कुठं?
पांढरा रस्सा केला, खसखस वाटून,
पाच वाट्या प्याला, ढेकर दिला, घोरला.

शेवटी सत्तावीस नंबर पदरात बांधून आणलं.
वासावरून ओळखलं त्यानं.
"मुसळी! वस्ताद घालायचे दुधात."
दुसऱ्या दिवशी दोनशे जोर जास्त.

मग चैत्रात डंकावर चटणी कुटायला गेले.
संकेश्वरी, ब्याडगी, कांदा, लसूण, खोबरं,
दिवसभर ढणढण.
घरी आले ती कोपरापर्यंत लाल,
केसांत धने, डोळ्यांत पाणी,
गजरा नाही, काही नाही.
तोही तेवढ्यातच आला.
हौद्यात नवी माती कालवली होती,
ताक, हळद, लिंबू, तेल, कापूर,
सगळं त्याच्या खांद्यावर वाळलेलं.
मी शिंकले. सात वेळा.
तो हसला.
त्या घरात ते हसू मी पहिल्यांदा ऐकलं.

"हात बघू," म्हणाला,
आणि बोटं नाकाशी नेली.
पैलवानाची पकड कुठं सोडायची ते जाणते.
मी त्याच्या मानेशी कापूर हुंगत राहिले,
देवळातला आणि आखाड्यातला,
एकच.

पुढचं सांगण्यासारखं नाही,
सांगण्यासारखं एवढंच
की रात्री दोन वाजता आम्ही दोघं
स्वयंपाकघरात उघड्या अंगानं
तुपाच्या बरणीत बोटं बुडवत होतो,
आग आग करत,
तोंड दाबून हसत.
चटणीचा हात कुठं कुठं लागला होता
ते चोळताना कळत गेलं.

आता बाप नाही, गल्ल्यावर मीच.
परवा एक म्हातारी आली, सत्तरीची,
नाकात मोठी नथ, हातात पिशवी.
मागं न बघता, मोठ्यानं,
"ताकदीचं दे गं."
मी सत्तावीसला हात घातला.
"त्यास्नी न्हवं. मला."

माझा हात तसाच थांबला.
इतकी वर्षं, इतके खण,
सगळ्यांवर पुरुषांचेच नंबर.
शतावरी काढली, तर म्हणाली,
"ही बाळंतिणीची. वळखती मी."

जायफळाकडं गेले, परत आले.
मग माझा जेवणाचा डबा उघडला,
कागदावर कांदा-लसूण चटणी काढली, चिमूटभर,
पुडी बांधली, दोरा दातानं तोडला.
पैसे घेतले नाहीत.
तूप जवळ ठेवा,
एवढं फक्त सांगून दिलं.